मुखवटा, परवाना आणि हजेरी

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात कायद्याचे राज्य म्हणजे काय ते समजावून सांगत होतो. सत्ता कोणाचीही असो, तिला जाब विचारणारे कोणीतरी असले पाहिजे, असे फळ्यावर लिहिले आणि मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर केला. त्याने सुट्टीत 'कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर' हा २०१६चा चित्रपट हिंदीत पाहिला होता. तो म्हणाला, "सर, बचानेवाले से कोई लाइसन्स पूछता है क्या?" वर्ग हसला. हसणे थांबायच्या आत खिडकीजवळची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "और जो मर गए, उनके घरवाले किससे पूछें?"

त्या दिवशी धडा तसाच राहिला. तास संपला तरी मुले भांडत होती आणि आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. घरी येऊन आम्ही विचार करू लागलो. गोष्ट उडणाऱ्या, भिंतीवर चढणाऱ्या, पोलादी कवच घालणाऱ्या माणसांची. पण प्रश्न कल्पनेतला नाही. ज्याच्या हाती इतरांपेक्षा जास्त ताकद आहे आणि जो ती भल्यासाठी वापरतो असे म्हणतो, त्याने हुकूमतीला हिशेब द्यावा की देऊ नये? द्यावा, तर हिशेब घेणाऱ्याचा हिशेब कोणी घ्यावा? हा प्रश्न अमेरिकेतल्या चित्रकथांनी गेली ८० वर्षे पुन्हा पुन्हा विचारला आहे. त्यामागे तिथला खरा इतिहास आहे, आणि तो वाचता वाचता आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

चित्रपटातला खटला

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अ‍ॅव्हेंजर्स नावाची महानायकांची टोळी जगाला वाचवत फिरते. २०१५च्या आधीच्या चित्रपटात सोकोव्हिया या काल्पनिक देशातले एक शहर त्यांच्या लढाईत उद्ध्वस्त होते. ज्या यंत्रमानवाशी ती लढाई झाली, तो त्यांच्यातल्याच टोनी स्टार्कने, म्हणजे आयर्न मॅनने, घडवलेला असतो. पुढे नायजेरियातल्या लागोस शहरात एक स्फोट टाळता टाळता दुसरीकडे घडतो आणि निरपराध माणसे मरतात. मग ११७ देश मिळून करार करतात, की यापुढे ही टोळी संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या परवानगीशिवाय कोठेही पाऊल टाकणार नाही.

आयर्न मॅन सही करायला तयार होतो, कारण एका आईने त्याला गाठून आपल्या मेलेल्या मुलाचा फोटो त्याच्या हाती दिलेला असतो. कॅप्टन अमेरिका नकार देतो. त्याचे म्हणणे असे, की समिती म्हणजे माणसेच. त्यांचे हेतू असतात आणि हेतू बदलतात. उद्या जिथे जायला हवे तिथे त्यांनी जाऊ दिले नाही तर? आणि जिथे जाऊ नये तिथे पाठवले तर?

आमच्या वर्गातल्या त्या मुलाने आणि मुलीने हाच खटला दोन वाक्यांत मांडला होता. दोघांचेही म्हणणे पटण्यासारखे आहे. अडचण तीच आहे.

मुखवट्याचे दोन वंश

सुपरमॅन छापून आला तो १९३८ साली. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांनी त्याला घडवले. दोघेही ज्यू स्थलांतरितांची मुले. पहिल्याच कथेत सुपरमॅन रात्री राज्यपालाच्या घराचे दार तोडून आत शिरतो, कारण एका निरपराध बाईला देहदंड होणार असतो आणि वेळ उरलेला नसतो. परवानगी नाही, अर्ज नाही, मुलाखतीची वेळ घेतलेली नाही. वाचकाला हे आवडले. मंदीने पिचलेल्या त्या काळात गरिबाच्या अर्जाला कचेरीत किंमत नव्हती, हे वाचक जाणून होता. १९३९च्या जानेवारीतल्या एका कथेत तर सुपरमॅन एक आख्खी गलिच्छ वस्ती जमीनदोस्त करतो, म्हणजे सरकारला तिथे चांगली घरे बांधणे भाग पडेल. पोलीस अधिकारी वरवर त्याला पकडायची भाषा करतो आणि मनात शाबासकी देतो.

त्या कथेत घरे बांधली जातात. पण क्षणभर विचार करा. त्या वस्तीतल्या माणसांना कोणी विचारले होते? आपल्या शहरांतून बुलडोझर फिरताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही गोष्ट तितकीशी गोड लागणार नाही. चांगल्या हेतूने तोडलेले घरही तोडलेलेच असते.

मुखवटा घालून स्वतःच न्याय करणाऱ्या माणसाचा अमेरिकेतला दुसरा वंश सुपरमॅनपेक्षा जुना आहे, आणि तो काळाकुट्ट आहे. १८६५ साली तिथली यादवी संपली, गुलामगिरी गेली आणि टेनेसी राज्यातल्या पुलास्की या गावात कू क्लक्स क्लॅन नावाची टोळी जन्माला आली. झगे आणि मुखवटे घालून हे लोक रात्री निघत. आपण समाजाचे रक्षण करतो असे त्यांचे म्हणणे. प्रत्यक्षात ते नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या माणसांना मारत, मतदानापासून हटवत, त्यांच्या शाळा जाळत, त्यांच्या मुलांना शिकवणाऱ्यांना फटके मारत. दक्षिण कॅरोलायनात एलायस हिल नावाचा एक काळा धर्मोपदेशक होता. लहानपणीच्या आजाराने त्याचे हातपाय निकामी झालेले. तो मुलांना लिहावाचायला शिकवी. १८७१च्या मे महिन्यात मुखवटेवाल्यांनी त्या अपंग माणसाला घरातून ओढून बाहेर काढले आणि चाबकाने मारले. त्याने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली आणि त्याच वर्षी आपल्या माणसांसह तो देश सोडून आफ्रिकेत लायबेरियाला निघून गेला.

आम्हीही शिक्षकच. ही साक्ष वाचल्यावर 'बचानेवाल्याला कोण विचारतो' हे वाक्य आम्हाला पूर्वीसारखे हसत ऐकता येईना.

१८७१च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी या टोळीविरुद्धच्या कायद्यावर सही केली. वेषांतर करून, टोळी करून दुसऱ्याचे समान हक्क हिरावून घेणे हा केंद्र सरकारचा गुन्हा ठरला. १७ ऑक्टोबर १८७१ रोजी ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलायनाच्या नऊ परगण्यांत विशेष अधिकार वापरून अटकसत्र सुरू केले. टोळी मोडली. मुखवट्यामागच्या माणसाला सरकारने जाब विचारला, आणि दुबळ्याला काही काळ तरी श्वास घेता आला. मग १९१५च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' या चित्रपटाने त्याच मुखवटेवाल्यांना तारणहार म्हणून पडद्यावर आणले आणि टोळी पुन्हा उभी राहिली. १९४६ साली सुपरमॅनच्या रेडिओ मालिकेत सुपरमॅनला अशाच एका टोळीविरुद्ध लढवले गेले, ही मात्र मनाला बरे वाटणारी गोष्ट. एका मुखवट्याने दुसऱ्याला ओळखले असे म्हणा.

तेव्हा मुलीच्या बाजूने पहिला पुरावा इतिहासाने दिला. जो स्वतःला रक्षक म्हणवतो त्याच्या म्हणण्यावर विसंबता येत नाही. मुखवट्याआड कोण आहे आणि त्याने काय केले, हे विचारणारा कायदा हवाच.

देखरेख करणाऱ्याची गोष्ट

आता मुलाच्या बाजूचा पुरावा पाहू. १९५४ साली फ्रेडरिक वर्दम या मानसोपचारतज्ज्ञाचे पुस्तक आले. चित्रकथा वाचून मुले बिघडतात, असा त्याचा आरोप. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने चौकशी केली. सरकार कायदा करील या भीतीने प्रकाशकांनी स्वतःच एक नियमावली आणि एक कचेरी काढली. कचेरीचा शिक्का नसेल तर दुकानदार अंक ठेवेना. त्या नियमावलीत एक नियम असा, की पोलीस, न्यायाधीश आणि सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर वाटेल असे काही दाखवायचे नाही. म्हणजे महानायकाला खरोखरच सरकारच्या चौकटीत बसवले गेले. यापुढे त्याने राज्यपालाचे दार तोडायचे नव्हते.

मग या देखरेखीने काय केले? १९५६ साली एका प्रकाशकाने एक जुनी कथा पुन्हा छापायला घेतली. रंगावरून भेदभाव करणाऱ्या एका ग्रहाची तपासणी करायला पृथ्वीवरून एक अंतराळवीर येतो, आणि शेवटच्या चित्रात तो शिरस्त्राण काढतो तेव्हा कळते की तो काळा माणूस आहे. कचेरीचे प्रमुख चार्ल्स मर्फी हे पूर्वीचे न्यायाधीश. त्यांनी हरकत घेतली ती नेमकी त्या काळ्या चेहऱ्यावर. प्रकाशक अडून बसला आणि कथा तशीच छापली, पण त्याच्या चित्रकथांचा तो शेवटचा अंक ठरला.

दुसरे उदाहरण १९७१चे. अमेरिकेच्या आरोग्य खात्यानेच स्टॅन ली यांना विनंती केली की अमली पदार्थांच्या विरोधात काहीतरी लिहा. त्यांनी स्पायडरमॅनची तीन अंकांची कथा लिहिली. कचेरीने शिक्का नाकारला, कारण नियमात अमली पदार्थांचा उल्लेखच चालत नव्हता. कथा शिक्क्याविना छापून आली, लोकांनी वाचली, आणि मग नियम बदलला. मार्व्हलने ती नियमावली २००१ साली सोडली, आणि २०११ साली ती कायमची संपली.

याचा बोध काय? देखरेख करणाऱ्यालाही डोळ्यांवर पट्टी असू शकते. ज्या समाजातून तो येतो त्याचे पूर्वग्रह तो शिक्क्यावर कोरून आणतो. आणि त्याच्या निर्णयावर अपील नसेल तर तोही एक मुखवटेवालाच. फरक एवढाच, की त्याचा मुखवटा म्हणजे कचेरीची पाटी.

१९८६-८७ साली अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची 'वॉचमेन' ही चित्रकथा आली. पहारेकऱ्यांवर पहारा कोणाचा, हा रोमन कवी जुव्हेनालचा जुना प्रश्न तिच्या नावामागे आहे. त्या कथेत १९७७ साली पोलीस संपावर जातात आणि सरकार कायदा करून मुखवटेवाल्यांवर बंदी घालते. अपवाद फक्त सरकारच्या पदरी असणाऱ्यांचा. त्यांतला एक कॉमेडियन. त्याला परवाना आहे, आणि संपूर्ण कथेत त्याच्याइतकी निर्घृण कृत्ये करणारे फार थोडे आहेत. त्याने ती बहुतेक सरकारच्या कामावर असताना केली, म्हणून त्याला कोणी विचारत नाही. परवाना आणि जबाबदेही या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आम्हाला या कथेने शिकवले. परवाना म्हणजे 'तू कर'. जबाबदेही म्हणजे 'तू काय केलेस ते सांग'. पहिले देऊन दुसरे विसरणाऱ्या हुकूमती जगात कमी नाहीत.

नोंदणी : कथेतली आणि खरी

ज्या चित्रकथेवरून तो चित्रपट निघाला ती मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅकनिव्हन यांची 'सिव्हिल वॉर', २००६-०७ची. तिच्यात करार नाही, कायदा आहे, आणि त्याचे नावच नोंदणीचा कायदा. स्टॅमफर्ड शहरात काही तरुण महानायक दूरदर्शनच्या कार्यक्रमासाठी गुन्हेगारांवर छापा घालायला जातात. स्फोट होतो. शाळेतल्या मुलांसह शेकडो माणसे मरतात. मग अमेरिकेचे सरकार फर्मान काढते, की ज्याच्यापाशी अलौकिक शक्ती आहे त्याने आपले खरे नाव सरकारकडे नोंदवावे. नोंदवणार नाही तो तुरुंगात. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूला, कॅप्टन अमेरिका विरुद्ध. शेवटी कॅप्टन अमेरिका जिंकत आलेला असतो, तेव्हा साधी माणसेच त्याला येऊन धरतात. ज्या शहरासाठी आपण लढतोय तेच आपल्या लढाईत मोडतेय, हे तो पाहतो आणि शरण जातो.

कथा इथे संपली असती तर मुलगी जिंकली असती. पण पुढच्या अंकांत एक गोष्ट घडली आणि तिने आम्हाला खरोखर विचारात पाडले. २००८-०९च्या कथांत सरकारची मर्जी फिरते. आयर्न मॅनची जागा नॉर्मन ऑस्बॉर्नला मिळते, म्हणजे एका जुन्या खुनशी गुन्हेगाराला. आता सगळ्यांची खरी नावे त्याच्या हाती पडणार! मग ज्याने ती यादी हौसेने बनवली होती, तोच आयर्न मॅन ती नष्ट करण्यासाठी आपला मेंदू पुसून टाकू लागतो. २०१०च्या कथेत तो कायदाच रद्द होतो. यादी बनवणाऱ्याचा हेतू चांगला असू शकतो. पण यादीचे आयुष्य तिच्या बनवणाऱ्याच्या हेतूपेक्षा लांब असते.

'नोंदणी' हा शब्द अमेरिकेत २००६ साली कोरा नव्हता. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर, २००२ साली तिथल्या सरकारने 'विशेष नोंदणी'चा कार्यक्रम सुरू केला. २५ देशांतून आलेल्या, १६ वर्षांवरील पुरुषांनी कचेरीत येऊन नाव, फोटो, बोटांचे ठसे द्यायचे. उत्तर कोरिया वगळला तर ते जवळजवळ सगळे मुस्लिमबहुल देश. पाकिस्तान होता, बांगलादेश होता. कायदा पाळणारी माणसे आपल्या पायांनी कचेरीत गेली आणि रांगेत उभी राहिली. ८० हजारांहून अधिक लोकांनी अशी नोंद केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक लोकांवर देशातून काढण्याची कारवाई सुरू झाली. ज्या दहशतवाद्यांना पकडायचे म्हणून हे सगळे मांडले होते, ते मात्र त्या रांगेत सापडले नाहीत. २०११ साली कार्यक्रम थांबवला गेला आणि २०१६च्या डिसेंबरात त्याचे नियमही काढून टाकले गेले.

न्यूयॉर्कच्या पोलिसांनीही त्याच काळात मशिदी, हॉटेले, विद्यार्थ्यांच्या संघटना यांवर पाळत ठेवली, शेजारच्या न्यू जर्सीतसुद्धा. २०११ साली वृत्तसंस्थेने ते उघडकीला आणले. या कामासाठी नेमलेल्या खास शाखेच्या माहितीवरून एकाही कटाचा धागा मिळाला नाही, हे एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यानेच २०१२ साली शपथेवर सांगितले. ती शाखा २०१४ साली बंद झाली. त्याच २०१४ साली मार्व्हलने कमला खान या पाकिस्तानी घरातल्या मुस्लिम मुलीची चित्रकथा सुरू केली. ती 'मिस मार्व्हल'. तिचे गाव न्यू जर्सीतले जर्सी सिटी. २०२०च्या एका कथेत किशोरवयीन महानायकांवर बंदी घालणारा कायदा येतो आणि जखमी कमलाच्या नावावरून त्याला 'कमलाचा कायदा' म्हणतात. ज्या मुलीच्या काळजीने कायदा झाला, तिला न विचारताच तिचे नाव त्याला दिले गेले. ती शुद्धीवर आल्यावर त्याच्याविरुद्ध उभी राहते. कमला गोष्टीतली आहे, पण आपल्या भल्यासाठी म्हणून आपल्याला न विचारता केलेले कायदे आपल्याला अपरिचित नाहीत.

ऑक्टोबर १८७१

आता तारखेकडे पुन्हा वळू. अमेरिकेत ग्रँट यांनी मुखवटेवाल्यांना पकडायचा हुकूम काढला तो १७ ऑक्टोबर १८७१ रोजी. त्याच्या पाचच दिवस आधी, १२ ऑक्टोबर १८७१ रोजी, इंग्रज सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा लागू केला. एका महिन्यात, पृथ्वीच्या दोन बाजूंना, दोन हुकूमतींनी समाजाच्या सुरक्षेसाठी म्हणून पाऊल उचलले. दोन्हींत देखरेख होती. तरी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक होता.

अमेरिकेतला कायदा विचारत होता : तू काय केलेस? इथला कायदा विचारत होता : तू कोणाच्या पोटी जन्मलास? जमात यादीत आली की तिच्यातला माणूस गुन्हा करण्यापूर्वीच गुन्हेगार. त्याचे नाव पोलिसांच्या नोंदवहीत. त्याने ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर पास घ्यायचा. १९११च्या कायद्याने ही पकड आणखी घट्ट झाली. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड मोठी वसाहत होती. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा देशभर रद्द झाला, म्हणून त्या जमातींना विमुक्त म्हणतात. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बेरड, रामोशी, कैकाडी, कंजारभाट, वडार आहेत आणि छप्परबंदही आहेत, जे आपल्यातलेच, मुसलमान. कायदा गेला, पण चोरी झाली की पोलीस आधी कोणाच्या पालावर जातात, हे विमुक्तांच्या आत्मकथनांनी मराठी वाचकाला पुरेसे सांगितले आहे.

चित्रकथांनाही हा फरक कळला होता. २०००च्या 'एक्स-मेन' चित्रपटात जन्मतःच वेगळ्या असणाऱ्या माणसांच्या नोंदणीचे विधेयक येते. चित्रपटाचे पहिले दृश्य मात्र नाझींच्या छळछावणीतले आहे. दिग्दर्शकाने आणखी काही समजावून सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती.

एक जुनी नजीर

आमच्या मुलांना खालिद बिन वलीद (रजि.) हे नाव ठाऊक असते. त्या काळचा महानायक म्हणावा असा सेनापती. एकामागून एक लढाया जिंकलेला. खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना आधी सरसेनापतीपदावरून खाली आणले आणि मग १७ हिजरीत, म्हणजे इ.स. ६३८मध्ये, पूर्णपणे दूर केले. इतिहासकार तबरी यांनी दिलेली हकीकत अशी, की खालिद (रजि.) यांनी अश्अस बिन कैस या सरदाराला १० हजार दिरहम बक्षीस दिले. मदिनेहून हुकूम सुटला, की भर सभेत त्यांना विचारा, हा पैसा तुमचा की सरकारी? स्वतःचा असेल तर ती उधळपट्टी, सरकारी असेल तर ती अमानतीत खयानत. खालिद (रजि.) सभेत उभे राहिले आणि त्यांनी उत्तर दिले. सैन्य त्यांच्यावर जीव टाकत होते, तरी त्यांनी तलवारीला हात घातला नाही. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी प्रांतोप्रांती कळवले, की राग किंवा बेइमानी हे कारण नव्हते. विजय खालिदमुळेच मिळतो असे लोक मानू लागले होते, म्हणून त्यांना दूर केले.

हा निर्णय योग्य होता का, यावर इतिहासकारांनी बरेच लिहिले आहे. आम्ही त्या वादात पडत नाही. आम्हाला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. हजरत उमर (रजि.) यांनीही याद्या केल्या होत्या. सुभेदार नेमताना त्याच्या मालमत्तेची यादी करून ठेवत, आणि पुढे ती वाढलेली दिसली तर हिशेब मागत. सुभेदारांविरुद्ध तक्रार आली की चौकशीसाठी मुहम्मद बिन मस्लमा (रजि.) यांना पाठवत. हजच्या मोसमात सुभेदारांना बोलावून लोकांसमोर उभे करत. ती यादी ताकदवानाच्या दौलतीची होती. १८७१ची यादी दुबळ्याच्या जन्माची होती. यादी कोणाची केली जाते, यावरून हुकूमतीची नियत ओळखावी.

मग उत्तर काय?

आमच्या वर्गातल्या मुलीला आम्ही सांगू, की बेटा, तुझा प्रश्न खरा आहे. ज्याच्या हातून माणसे मरतात त्याने, मग तो कितीही मोठा रक्षक असो, मेलेल्यांच्या घरच्यांना उत्तर दिले पाहिजे. मुलाला सांगू, की तुझी भीतीही खरी आहे. उत्तर मागणारा नेहमीच न्यायी असतो असे नाही. मग दोघांनाही तीन कसोट्या देऊ. पहिली, कायदा कृतीचा जाब विचारतो की जन्माचा? दुसरी, जो जाब विचारतो त्यालाही कोणी विचारू शकते का, त्याच्या निर्णयावर अपील आहे का? तिसरी, आज केलेली यादी उद्या वाईट माणसाच्या हाती पडली तर तिचे काय होईल? तिन्हींचे उत्तर नीट मिळाले तर महानायकाने आणि फौजदारानेही सही करावी. न मिळाले तर सही करण्यापूर्वी वाचावे, विचारावे, अडून बसावे.

हे लिहिताना आम्ही काही वेगळे राहिलेलो नाही. आम्ही शिक्षक म्हणजे याद्या करणारी जमात. मतदार यादीचे काम आमच्याकडे येते, जनगणनेचे येते. उन्हातान्हात दारोदार जातो, नाव विचारतो, वय विचारतो, कागद मागतो. २०१९-२०च्या सुमारास आमच्याच मोहल्ल्यात, आमच्याच विद्यार्थ्याच्या घरी, आम्ही वही उघडली तेव्हा त्याच्या दादीने दाराची कडी धरून विचारले, "मास्टरजी, यह नाम कहाँ जाएगा?" आम्ही म्हणालो, मतदार यादीत. त्यांनी परत विचारले, "और वहाँ से?" त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. कागदावर शिक्का होता, आमच्या गळ्यात ओळखपत्र होते, हेतू साफ होता. तरी त्यांना उत्तर मिळण्याचा हक्क होता आणि ते देणे आमच्या हातात नव्हते. शेवटी त्यांनी नाव सांगितले, कारण नातू आमच्या शाळेत शिकत होता. म्हणजे त्यांनी भरवसा ठेवला तो आमच्यावर. कागदावर ठेवला नव्हता.

रोज सकाळी आम्ही वर्गात हजेरी घेतो. हा शब्द शाळेतही तोच आणि जुन्या पोलीस वसाहतीतही तोच. एका हजेरीत मूल आले की नाही याची काळजी असते, दुसरीत माणूस पळाला की नाही याचा संशय. वही तीच, रेघा त्याच. त्या मुलाने आणि मुलीने वाद घातला त्या दिवसापासून आम्ही नाव पुकारल्यावर मान वर करून त्या मुलाकडे पाहतो आणि मगच खूण करतो.